देवघरातल्या गोळ्या आणि म्हेत्रे मॅडम

सुलोचना म्हेत्रे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका प्यायलेल्या माणसाशी भाजीच्या भावावर बोलत होत्या. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या शिक्षणातल्या, फिल्डवर्कसाठी मला सोलापूरच्या पूर्व भागातलं त्यांचं केंद्र मिळालं होतं. जुळे सोलापुरातून स्कूटीवर पत्ता विचारत पोचले, तर दारातल्या बाकावर हा माणूस बसलेला, तोंडाला भपकन वास, आणि शेजारी चष्मा कपाळावर चढवलेल्या मॅडम. "वांगी महाग झाली म्हणता, मग दोडका घ्यायचा की ओ," असं त्या अगदी मनापासून सांगत होत्या. बोलता बोलता त्यांनी त्याला आज किती घेतली, कधी घेतली, कानात आवाज येतायत का, हे सगळं विचारून घेतलं. मग आत जाऊन डॉक्टरांना फोन केला आणि त्याच्या इंजेक्शनचं काय करायचं ते ठरवलं. त्याला "उतरल्यावर या" म्हणून परत पाठवलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नवी का तू? बस. जेवलीस का?"

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होतायत म्हणून हा गौरवग्रंथ निघतोय. यात मोठी मोठी माणसं लिहिणार आहेत. मी त्यांच्या हाताखाली शिकलेली, आता तिथेच नोकरी करणारी कार्यकर्ती. त्यामुळे मी जे समोर घडताना पाहिलं, तेवढंच सांगते.

आमच्याकडे येणाऱ्या लोकांना दोन आजार एकदम असतात. एकीकडे मनाचा मोठा आजार, म्हणजे भास होणं, नसलेले आवाज ऐकू येणं, सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटणं. दुसरीकडे दारू किंवा गांजा. अशा माणसाची फार पंचाईत होते. व्यसनमुक्तीवाले म्हणतात, "याला भास होतात, मनाच्या डॉक्टरकडे न्या." तिथे गेलं की ऐकायला मिळतं, "आधी दारू सोडवून आणा." घरचे दोन्हीकडे हेलपाटे घालून थकतात. मॅडम आधी एका दवाखान्यात समाजसेविका होत्या. असे परत जाणारे लोक पाहून पाहून त्यांनी हे केंद्र सुरू केलं. इथे दोन्ही आजारांवर एकाच टेबलावर बोलायचं, आणि पिऊन आला म्हणून कुणाला दारातून घालवायचं नाही. मी पहिल्या आठवड्यात "ड्युअल डायग्नोसिस" असा शब्द टाकून एका आईला समजावत होते. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि नंतर म्हणाल्या, "त्या बाईंनी मान हलवली ती तुझ्या मानासाठी. आता परत जा आणि त्यांना कळेल असं सांग."

मॅडमचं काम कसं चालतं हे मला व्यंकटेशमुळे कळलं. त्याची आणि त्याच्या घरच्यांची परवानगी घेऊनच मी हे लिहितेय, नावं मात्र बदललीत. व्यंकटेश पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरातला, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. त्याला मोठा भाऊ श्रीनिवास आणि आई नरसम्मा घेऊन आले होते. शेजारी भिंतीतून आपलं बोलणं ऐकतात असं वाटून त्याने घरातल्या खिडक्यांच्या काचा फोडल्या होत्या. घरात श्रीनिवासची लहान मुलं. श्रीनिवास रिक्षा चालवतात, बोलायला सरळ माणूस. ते म्हणाले, "मॅडम, खोटं बोलत न्हाय. लांब एक आश्रम बघून ठेवलाय. एकदा सोडलं की परत आणायचं न्हाय असं तिथलं बोलणं हाय. अम्मा रडतीय म्हणून हितं आलो."

व्यंकटेश खाली मान घालून बसला होता. मॅडमनी त्यालाच विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

तो म्हणाला, "मला घरात राहायचंय."

"दिवाळीपर्यंत वेळ द्या मला," मॅडम श्रीनिवासना म्हणाल्या. "मग ठरवा. मी आडवी येणार नाही."

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि फरक पडला. आवाज कमी झाले, व्यंकटेश कामावर जायला लागला. पण पगार झाला की तो प्यायचा, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत परत बिघडायचा. रात्रभर फेऱ्या, भिंतीला कान, शेजाऱ्यांना शिव्या. डॉक्टरांनी डोस वाढवून पाहिला. मला तर वाटलं, आता दारू सोडवल्याशिवाय काही होणार नाही. मॅडम म्हणाल्या, "पिण्यानं बिघडतंय हे खरं. पण इतकं? चल, घरी जाऊन येऊ."

नरसम्मा दारात विड्या वळत बसल्या होत्या. मॅडम त्यांच्या शेजारी खाली बसल्या. मॅडम लिंगायत, घरी मराठी आणि कानडी, पण पूर्व भागात काम करून करून त्यांना तेलुगूही कामापुरतं येतं. थोडं तेलुगू, थोडं मराठी असं बरंच इकडचं तिकडचं झालं. गोळ्या देता का, असं मॅडमनी विचारलंच नाही. "अम्मा, कशा देता ते दाखवा की," म्हणाल्या.

नरसम्मा उठल्या, हात धुतले, आणि आम्हाला देवघरापाशी नेलं. त्यांच्या दैवताच्या, मार्कंडेयाच्या फोटोपुढे हळदकुंकू लावलेल्या स्टीलच्या डबीत गोळ्यांची पाकिटं होती.

"ह्या गोळ्यांनी माझं लेकरू परत आणलं," त्या म्हणाल्या. "मग कुटं ठेवू? टीव्हीवर?"

"चांगलं केलंत," मॅडम म्हणाल्या. "आणि व्यंकटेश पिऊन आला की?"

नरसम्मांनी कानाला हात लावला. "देवा! तवा कशी देणार ओ? देवाचं हाय ते. पूर्ण उतरू देते. दोन दिवस जाऊ देते, त्याला डोक्यावरून आंघोळ घालते, मग देते."

मी मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं. सगळा प्रकार तिथेच कळला होता. गुण आला म्हणून गोळी देवघरात गेली, आणि देवघरात गेली म्हणून नेमकी गरज असेल त्या दिवशी बंद झाली. माझ्या अगदी ओठावर आलं होतं की डबी आत्ताच्या आत्ता तिथून काढा. मॅडमनी नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्या नरसम्मांना म्हणाल्या, "अम्मा, प्यायल्यावर कुठली गोळी चालते आणि कुठली नाही, हे डॉक्टरांनी आपल्या व्यंकटेशसाठी ठरवून दिलंय. झोपेची द्यायची नाही. आवाजाची मात्र चुकवायची नाही. ती चुकली की तो भिंतीला कान लावतो."

"पण देवाजवळची कशी देऊ?"

"एक पाकीट देवाजवळ राहू दे, गुणाला. बाकीची माठाशेजारी ठेवू. पाणी प्यायला तर प्यायलेला माणूस पण जातोच की तिकडं."

नरसम्मांनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "मी हात लावणार न्हाय. तुमीच काढा."

"मी लिंगायत. चालतंय का तुमच्या देवाला?"

"तुमी पीत न्हाय की! चालतंय."

आम्ही सगळ्याच हसलो. मॅडमनी नमस्कार करून डबी उघडली, एक पाकीट आत ठेवलं, बाकीची माठाशेजारच्या फळीवर नेऊन ठेवली. तेव्हा कामावरून आलेला व्यंकटेश दारात उभा राहून हे बघत होता. त्याला मॅडम म्हणाल्या, "प्याला नाहीत तर उत्तम. प्यालात तर लपवायचं नाही. अम्माला सांगायचं आणि आवाजाची गोळी मागून घ्यायची. जमेल?"

"शिव्या घालत्यात ओ सगळे, सांगितलं की."

"घालू देत. शिव्या खायच्या आणि गोळी खायची."

पुढच्या पगाराला तो प्यायला. अम्माने तोंड फिरवून गोळी हातावर ठेवली. तो पडवीत झोपला आणि सोमवारी कामावर गेला. असं काही वेळा झालं. मग हळूहळू त्यानेच सांगितलं, की आवाज गप्प बसवायला तो प्यायचा. आवाजच कमी, तर तेवढी लागत नाही. त्यावर मग केंद्रातल्या पेशंटच्या गटात बोलणं सुरू झालं. एका पगाराला तो प्यायलाच नाही, पुढच्याला परत प्यायला. मॅडमनी पहिल्याला पेढे वाटले नाहीत, दुसऱ्याला कपाळ बडवलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर श्रीनिवास एकटेच आले. ते म्हणाले, "मॅडम, दारू काय सुटली न्हाय की."

"नाही सुटली. कमी झाली. काचा?"

"काचा हायत," म्हणाले. "पोरं त्याच्याजवळ जायला लागलीत. आकाशकंदील करतोय त्यांना घेऊन." मग उठता उठता म्हणाले, "आश्रमवाल्यांना न्हाय म्हणून कळवलंय. हितं चहा मिळतोय का न्हाय?"

मॅडम फक्त पेशंटच्या घरी जातात असं नाही. माझ्या बाबांना मी हे काम करणं अजिबात पसंत नव्हतं. "बँकेची परीक्षा दे," एवढंच त्यांचं चालू. मॅडमना कुणीतरी हे सांगितलं असावं. एका रविवारी त्या आमच्या फ्लॅटवर आल्या. बाबांनी लगेच विचारलं, "पोरीला धोका नाही ना?" मला वाटलं, आता मॅडम छे छे म्हणतील. त्या म्हणाल्या, "कधीमधी असतो. म्हणून आम्ही कुणाला एकटं पाठवत नाही, आणि अंधार पडायच्या आत परत येतो." त्या गेल्यावर बाबा आईला म्हणाले, "बाई खरं बोलतीय." माझी नोकरी त्या एका वाक्यावर टिकली.

मॅडमना राग येतच नाही असं लिहिलं तर केंद्रातले सगळे हसतील. कुणी पेशंटला "बेवडा" म्हणालं, की त्यांचा आवाज खालच्या दुकानापर्यंत जातो. पण रागावून झालं की शेंगाचटणी-भाकरीचा डबा त्याच माणसापुढे सरकवतात.

व्यंकटेश अजून येतो. अजून कधीतरी पितो, आणि अजून घरातच राहतो. परवा सोमवारी गट संपल्यावर आमच्या सिस्टरनी मॅडमना आठवण केली, "बीपीची गोळी राहिली तुमची." मॅडम म्हणाल्या, "आज उपास आहे गं. उद्या घेते."

गटातले सगळे निघता निघता थांबले. व्यंकटेश परत फिरला, माठातून ग्लास भरून आणला आणि मॅडमपुढे धरला. "काय ओ मॅडम, उपास देवाचा, गोळी डॉक्टरची. घ्या बघू. घेतल्याशिवाय आमी कोण जात न्हाय."

मॅडमनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने गोळी घेतली.

मॅडम, तुमच्यावर लक्ष ठेवायला आता एवढी माणसं आहेत. तेव्हा तब्येतीची हयगय चालणार नाही. खूप वर्षं जगा, ठणठणीत राहा, आणि आमच्यावर असंच ओरडत राहा.