चिंचेनं घासलेली संगीन

एका मंगळवारी सांगलीहून जुन्या शस्त्रांचे एक जाणकार आमच्या गावात आले. त्यांनी आबांची संगीन हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "ही लढाईतली नाही, बाजारातली आहे." त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी आबा गेले.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव कुंडलच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात, आणि तिथं बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी फौजेत असतं. आबाही हवालदार होऊन निवृत्त झालेले. गावानं माजी सैनिकांसाठी एक खोली बांधली आणि काचेच्या पेट्यांत जुन्या वस्तू ठेवायच्या ठरवल्या. पहिली पेटी आमच्या संगिनीसाठी राखली होती. बंदुकीच्या टोकाला लावायचं हातभर लांब पातं. आबांचे आजोबा ते पहिल्या महायुद्धातून घेऊन आले, असं आबा आयुष्यभर सांगत आले होते.

जाणकारांचं म्हणणं एवढंच होतं की खऱ्या संगिनीवर मुठीजवळ मुकुट, साल आणि नंबर ठोकलेले असतात. हिच्यावर काही नाही.

"मंजी आबाच्या आज्यानं खरसुंडीच्या जत्रंतनं आणली म्हणा की," मागून कुणीतरी म्हणालं. सगळी खोली हसली. जाणकारही हसले. मग त्यांनी स्वतःच्या संग्रहातली एक संगीन गावाला भेट दिली. तिच्यावर मुकुट होता, सालही होतं. ती पहिल्या पेटीत गेली आणि खाली त्यांच्या नावाची पाटी लागली.

आबांनी आमची संगीन टॉवेलात गुंडाळून घरी आणली. पारावर बसायचं त्यांनी बंद केलं. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. मला त्या जागी दुसरं काही लिहायचं होतं.

दहाव्याला आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "म्याच घासली गं ती. दरसाल. चिंच लावून, राखंनं. तुजी आजी बी तशीच घासायची. तितं बारीक कायतरी व्हतं, मला वाटलं मळ हाय."

खंडेनवमीला शस्त्रं पूजतात. आमच्याकडे संगीन देवांच्या भांड्यांसारखी लख्ख करून, हळदकुंकू लावून पाटावर मांडायची पद्धत. शंभर वर्षं तीन पिढ्यांच्या बायकांनी भक्तीनं घासून घासून मुकुट आणि साल पुसून टाकलं होतं. आई रडत होती ती आबांसाठी की या चुकीसाठी, हे मला कळेना. पण त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. जाणकारांनी त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर, आपल्या तोंडानं स्वतःचे शब्द गिळायला हवे होते.

मी साताऱ्याला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. भांडण मला येत नाही, वाचता येतं. मिळतील ती पुस्तकं वाचली. पुस्तकांनी भागेना तेव्हा एका चाचांकडे जाऊ लागले. त्यांच्या घराण्यात पात्यांना धार लावायचं आणि मुठी बसवायचं काम चालत आलेलं. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या दुकानात बसून मी जुनं लोखंड बघायला शिकले.

"ठसा न्हाई म्हून खोटी, आसं कोन बोलला?" चाचा म्हणाले. "वरचा ठसा पुसतो, ताई. मुठीखाली कोन घासतंय?"

मुठीच्या लाकडाला दोन स्क्रू होते. त्यांनी आठवडाभर तेल सोडलं, मग ते हलले. लाकूड सुटलं. आतल्या काळ्या लोखंडावर सरकारी तपासनिसानं ठोकलेला बारीक मुकुट होता आणि त्याखाली आकडा. मी बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसले. चाचांनी चहा मागवला.

तिथं थांबता आलं असतं. मी थांबले नाही. गावी जाऊन पेटीतली संगीन भिंगाखाली पाहिली. मग जाणकारांना पत्र लिहिलं. आदरानं, सुवाच्य अक्षरात. सैनिकांच्या खोलीतल्या खंडेनवमीच्या पूजेला आपणच प्रमुख पाहुणे हवेत, असं.

ते आले. पूजा झाल्यावर मी आमची मूठ उघडून मुकुट दाखवला. ते हसून म्हणाले, "अरे वा, छान." मला छान नको होतं. मी पेटीतली संगीन त्यांच्या हातात दिली आणि भिंग पुढे केलं.

"सर, गंजानं पडलेल्या या खड्ड्यांतून अक्षरं कशी गेली आहेत, तेवढं वाचून दाखवा."

गंज शंभर वर्षांचा असेल तर तो अक्षरंही खातो. इथं अक्षरं खड्ड्यांच्या तळापर्यंत ताजी, धारदार उतरली होती. आधी गंज, मग ठसा. त्यांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्यांनाही कुणीतरी फसवलं होतं, हे तेव्हाच त्यांना कळलं असावं.

"आवं सायेब, मोट्यानं वाचा की," एक म्हातारे सुभेदार म्हणाले. "आमास्नी बी कळू द्या. का ही बी खरसुंडीचीच?"

खोली हसली. गेल्या वर्षी हसली होती तशीच.

"ठसा नंतर मारलेला आहे," ते म्हणाले. "ही खोटी आहे. तुमची खरी आहे. माझी चूक झाली, ताई."

दया यायला हवी होती, इतकी पुस्तकं मी वाचली आहेत. आली नाही. मी म्हणाले, "मला नको. आबांना सांगा." ते खाली बघत राहिले, आणि मी त्यांना तसंच बघत राहू दिलं.

गावानं पाटी काढली आणि पहिली पेटी आमच्या संगिनीसाठी पुसून ठेवली. मी संगीन दिली नाही. हसलेल्या खोलीत ती ठेवायची नव्हती.

आता संगीन साताऱ्याला माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. खंडेनवमीला आई येते, हळदकुंकू लावते, घासत नाही. गावातली पहिली पेटी रिकामी आहे.