सोयरिकीचा चहा

मैत्रिणींनो, जळगावातलं आमचं उपाहारगृह नवऱ्यांनी टाकलेल्या बायका चालवतात. माझी ताई चहा करते, मी यंत्रं दुरुस्त करते.

आज दुपारी आत मिक्सर उघडून बसले होते, तेवढ्यात ताईचा नवरा आला. ती इथे आहे हे त्याला माहीत नव्हतं. सोबत चाळीसगावचे एक आबा होते, त्यांच्या मुलीशी याची सोयरीक ठरत होती. "पहिली बायको वारली," तो सांगत होता. ताईनेही ऐकलं.

"चहा तू ने," ती म्हणाली.

"नाही. तूच ने."

तिला पाहून तो उभाच राहिला. आबांनी विचारलं, "हाई कोन शे?"

"यांची वारलेली बायको," ताई म्हणाली. "साखर बरोबर आहे ना, आबा?"

आबा चहा न पिताच गेले. दोन्ही कप मी त्यालाच प्यायला लावले. तुम्ही एकावर सोडलं असतं का?