भट्टीची दृष्ट

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर आज सुभाषित नाही. आजच ठाण्याला पाहिलेली हकीकत आहे.

माझा मेहुणा सदानंद याने कारकुनी सोडून खाडीजवळ बरण्यांची भट्टी घातली. गुरू म्हणजे एक सचित्र पुस्तक. जुने अमेरिकन कुंभार तापल्या भट्टीत मीठ फेकत आणि त्याच्या वाफेने मातीवर काचेसारखी झिलई चढे. तिकडचे आजचे कलावंतही पुन्हा त्याच वाटेने निघालेत म्हणे. ते कुंभार बरण्यांवर निळे पक्षी काढत. सदानंदाने खाडीतला बगळा काढला. ही भट्टी फसली तर पुन्हा कचेरीत जाईन, असे त्याने बायकोला कबूल केले होते.

परवा त्याने आईकडे मीठ मागितले. आगीत टाकायचे म्हटल्यावर माझ्या सासूबाईंनी त्यात मोहरी-मिरच्या घातल्या आणि भट्टीवरून ओवाळून टोपली हाती दिली. त्याने न बघता सगळे आत फेकले.

"आई, ही दृष्ट नव्हे, शास्त्र आहे."

"मग मिरचीचा ठसका कुणालाच कसा लागला नाही रे? जबर दृष्ट होती."

आज भट्टी उघडली. बरण्या संत्र्याच्या सालीसारख्या खरबरीत, चकचकीत; बगळा निळाशार. सदानंद ओट्यावर मटकन बसला आणि हसत सुटला.

निघताना पाहिले, तो पुढच्या भट्टीचे सामान लिहीत होता. यादीत मिठाखाली मोहरी होती.

"पुस्तकात आहे का?" मी विचारले.

"भावोजी, धोका कशाला पत्करा?"

तर्कशास्त्र शिकलेल्यांनी खाली खडूने लिहावे: झिलई कशाने चढली?