वेगळा काढलेला नारळ

चोपड्याच्या बाजारपेठेत रिखबचंद शेठची मिरचीची आडत होती. तिथं पाय ठेवणारा माणूस आधी शिंकायचा आणि मग नमस्कार करायचा. शेठ मात्र मिरचीच्या त्या ठसक्यात गादीवर मांडी घालून खुशाल पुस्तक वाचत बसत. आजोबा मारवाडातून नेसत्या वस्त्रानिशी आले, बापानं आडत उभी केली आणि नातवाला लागलं वाचनाचं वेड. पत्त्यांचं वेड असतं तर घरच्यांना समजलं तरी असतं. गाव त्यांना 'वाचणारे शेठ' म्हणे आणि ते ऐकून शेठना आतून गुदगुल्या होत. दर गणेशोत्सवात वाचनालयात त्यांचं एक व्याख्यान ठरलेलं असे. त्यात हशा पिकला नाही तर त्या रात्री त्यांना जेवण गोड लागत नसे.

हिलाल त्यांच्याकडे पोती उचलायला होता. तापीकाठच्या त्याच्या गावात चैत्रात मरीआईची जत्रा भरे आणि बोकड कापायचा मान पिढ्यान् पिढ्या त्याच्या घराकडे होता. शेठ पडले जैन, मुंगीला वाट करून देणारे. तरी त्यांनी हिलालला कधी दूर लोटलं नाही, आणि हिलालही त्यांचा धर्म त्यांच्यापेक्षा जपून सांभाळी. जत्रेच्या पहाटे अंघोळ करून, सुरीला हात लावण्याआधी, तो देवीपुढचा एक नारळ उचली, कोऱ्या फडक्यात बांधी आणि घरात उंच खुंटीला टांगून ठेवी. दुसऱ्या दिवशी आडतीवर आला की तो नारळ पुढं करून म्हणे, "हाऊ येगळा शे, सेठ." शेठच्या पत्नी प्रेमकुंवरबाई तो फोडून घरादाराला वाटत.

अडुसष्ट साली मेक्सिकोत ऑलिंपिक भरणार होतं. पेपरात रोज मेक्सिको, म्हणून शेठनी व्याख्यानाला विषय घेतला तिथल्या जुन्या ॲझटेक लोकांचा. आधी सरोवराच्या मधोमध वसलेलं त्यांचं नगर सांगितलं, पाण्यात गाळ भरून केलेले मळे सांगितले. लोक जांभया देऊ लागले. मग शेठ बोलता बोलता तिथल्या देवळाच्या पायऱ्या चढले. काळ्या काचेसारख्या दगडाची सुरी, दगडावर उताणा धरलेला माणूस, सूर्याला दाखवलेलं त्याचं काळीज. सभागृह असं चिडीचूप झालं की शेठनाच भीती वाटली. हसू आणायला हवं होतं आणि समोर दारात हिलाल उभा होता. आडतीवरच्या खुर्च्या त्यानंच डोक्यावरून आणल्या होत्या.

"एवढ्या लांब कशाला जाता?" शेठ म्हणाले. "आपला हिलाल आहे ना. तिकडं जन्मला असता तर मुख्य पुजारीच झाला असता."

हशाचा नुसता धबधबा कोसळला. हिलालनं मान खाली घातली, मग इतरांबरोबर थोडं हसूनही दाखवलं. शेठ त्या रात्री पोटभर जेवले.

चैत्र आला, जत्रा झाली, हिलाल कामावर आला. हात रिकामे होते. शेठनी वाट पाहिली. देवीची गर्दी असेल, विसरला असेल, अशी स्वतःची समजूत घातली. शेवटी प्रेमकुंवरबाईंनीच जेवताना विचारलं की यंदा हिलालचा नारळ कसा आला नाही. शेठच्या हातातला घास हातातच राहिला. नारळ का आला नाही ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. रक्ताचा हात लागू नये म्हणून ज्यानं इतकी वर्षं त्यांचा नारळ वेगळा ठेवला, त्याला त्यांनी चारचौघांत रक्तपिपासू ठरवलं होतं, तेही टाळ्यांसाठी. शेठना स्वतःची किळस आली.

माणूस वाचणारा, तेव्हा लाज वाटली तरी पुस्तकातच तोंड लपवणार. जळगावहून मागवलेल्या एका ग्रंथात त्यांना सापडलं की मिरची मूळची त्याच मुलखातली. ॲझटेक ती रोजच्या जेवणात खात; इकडं ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. टोमॅटो तिकडचाच, मका तिकडचाच, गणपतीच्या गळ्यातला झेंडूसुद्धा तिकडचाच. शेठ आडतीतल्या लाल ढिगाकडं बघत राहिले. तीन पिढ्या ज्यांच्या पिकावर पोसल्या, त्यांच्याच नावानं आपण लोकांना हसवलं.

भाद्रपदात संवत्सरी झाली. त्यानंतर जैन माणूस घरोघर जाऊन हात जोडतो आणि 'खमत खामणा' म्हणतो, म्हणजे वर्षभरात दुखावलं असेल तर क्षमा करा. या वर्षी हिलालला वेगळं बोलवायचं, त्या दिवसाचं नाव घेऊन क्षमा मागायची, असं शेठनी ठरवलं होतं. प्रत्यक्षात गादीवर बसूनच त्यांनी साऱ्या हमालांना एकदम हात जोडले आणि काही चुकलं असेल तर, असं म्हणाले. ते 'असेल तर' त्यांचं त्यांनाच कुसळासारखं बोचलं. हिलाल पोत्याखाली वाकला.

त्याच आठवड्यात वाचनालयात व्याख्यान होतं. शेठनी पुन्हा ॲझटेकच घेतले. गेल्या वर्षी आपण त्या लोकांवर अन्याय केला, अशी सुरुवात करून त्यांनी मिरची सांगितली, झेंडू सांगितला. नगर उद्ध्वस्त झालं, पण त्यांचं देणं आज तुमच्या आमच्या ताटात आहे, असं ते हात उंचावून म्हणाले. त्या थोर लोकांची मी जाहीर माफी मागतो, म्हणाले. टाळ्या थांबेनात. शेठना छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं आणि ते खुर्चीत टेकले.

लोक दाराशी चपला शोधू लागले. हिलाल खुर्च्या उचलत शेठजवळ आला आणि हळूच म्हणाला, "त्या लोकसनी माफी मांगी, चांगलं कयं, सेठ. पन त्या ते मरी गयात. मी ते आठेच शे."

शेठच्या कानशिलांत रक्त चढलं. सात समुद्रापलीकडच्या मेलेल्यांपुढं वाकणं त्यांना मुळीच जड गेलं नव्हतं; इथंच उभ्या असलेल्या जित्या माणसापुढं मात्र ते वाकले नव्हते. ते ताडकन उठले आणि दाराकडं वळून म्हणाले, "मंडळी, जरा थांबा. गेल्या वर्षी इथंच मी हिलालची टिंगल केली. माझा धर्म राखणाऱ्या माणसाला मी तुमच्यासमोर खाटीक ठरवलं. चूक माझी होती. हिलाल, खमत खामणा."

त्यांनी हात जोडले. मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. शेठ हमालाला हात जोडताहेत म्हणजे यात काहीतरी गंमत असणार, वाचनालयाला शेठचे विनोद ठाऊक होते. एक हसला तसे दोन हसले आणि सगळं दार पुन्हा हसू लागलं. "गंमत नाही," शेठ म्हणाले, तर हसू आणखी वाढलं. ही सवय त्यांना शेठनीच लावली होती.

हिलालनं हातातली खुर्ची परत खाली ठेवली.

"बठा, सेठ," तो म्हणाला.

शेठ बसले. लोक हसत हसत घरी गेले. चैत्रात नारळ आणशील का, हे त्यांना हिलालला विचारायचं होतं. त्यांच्यानं मान वर करवली नाही आणि हिलाल बाकीच्या खुर्च्या बाहेर नेत राहिला.