मधला पाहुणा

मागच्या रविवारी पिरनवाडीच्या आमच्या घरात सकाळपासून एकच काम चाललं होतं... पाहुणे लावायचं, म्हणजे नात्यागोत्याचा धागा जुळवायचं.

धाकट्या बहिणीचं, प्रतीक्षाचं, लग्न निपाणीच्या एका मुलाशी ठरू घातलं होतं. म्हणजे त्या दोघांनी ते आपापसात ठरवून टाकलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, घरदार बरं... पण आप्पांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. मधला पाहुणा कोण?

आमच्याकडे ही रीतच आहे. दोन्ही घरांना ओळखणारं एक तरी माणूस मध्ये निघालं पाहिजे, त्याशिवाय मुलगी द्यायची नाही. संध्याकाळपर्यंत तसं कुणी सापडलं नाही तर आप्पा नकार कळवणार होते. प्रतीक्षा सकाळपासून गप्प होती, आणि ती गप्प बसणाऱ्यांतली नाही.

मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि ग्राफ अल्गोरिदमवर पीएचडी करतोय. कुणी विचारलं तर घरचे ‘कॉम्प्युटरमधलं कायतरी’ एवढंच सांगतात, आणि ते फारसं चुकीचं नाही. कागदावर ठिपके काढायचे, ज्यांची ओळख आहे त्यांना रेघांनी जोडायचं आणि एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंतची वाट शोधायची. ठिपके कोट्यवधी असतील तर काम वाटून घेऊन अनेक प्रोसेसरांनी एकाच वेळी शोधायचं... हे झालं पॅरलल कम्प्युटिंग.

आप्पा मात्र एकटेच शोधत होते. एका पाहुण्याला फोन लावला की तो चार नावं सांगायचा, त्या चौघांना लावला की आणखी पसारा. दुपारपर्यंत खानापूरपासून चंदगडपर्यंत सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून झाली, निपाणी काही जवळ येईना.

शेवटी मला राहवलं नाही. एकाच टोकाकडून शोधत गेलं की पसारा वाढतो, दोन्ही टोकांकडून एकदम निघालं की मध्ये लवकर गाठ पडते. माझा निम्मा प्रबंध यावरच आहे, म्हटलं घरात तरी उपयोगी पडू दे.

मग आईला एका फोनवर बसवलं, आप्पांना दुसऱ्या. प्रतीक्षाच्या फोनवर मुलाच्या आजीला घेतलं, स्पीकर लावून. वेळ वाचावा म्हणून एक नियमही सांगितला... ज्या घराकडून पुढं कुणाचं येणं-जाणं नाही, ते घर आधीच गाळायचं. आमच्या प्रोग्राममध्येही हीच छाटणी असते. तिथून वाट पुढं जाणार कुठून?

"आणि वैनींचं म्हायार?" आईनं विचारलं.

"तिकडं कोण ऱ्हायलंय आता? सोड ते," आप्पा म्हणाले. मीही मान डोलावली.

वैनी म्हणजे माझी काकू, आप्पांच्या थोरल्या भावाची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली. तिला आई-बाप, भाऊ कुणी नाही, आणि ती माहेरी गेलेली मला तरी आठवत नाही. त्या वेळी ती आत स्वयंपाकघरात वांगी चिरत होती.

निपाणीची आजी तिकडून एकेक नाव सांगत होती. बोलता बोलता म्हणाली, "माझी एक आतेबहीण हुती, शेवंता. आई-बाप गेल्यावर कोगनोळीला आमच्यातच वाढली. जांबोटीकडं दिल्ती तिला. पुढं माझं आई-वडील गेलं, येणं-जाणं तुटलं... मग तिचा पत्ता लागला न्हाई."

आमचं मूळ गाव जांबोटीजवळ. आप्पांनी डोळे मिटून गावातली घरं मनातल्या मनात फिरून घेतली. "आमच्याकडं शेवंता म्हणून कोण न्हाय," ते म्हणाले. प्रतीक्षा उठून गॅलरीत गेली.

तेवढ्यात काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत म्हणाली, "ती मीच की."

कुणाला काही उमजेना. मग तिनंच सांगितलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, लक्ष्मी. त्या दिवसापासून शेवंता अशी हाक कुणी मारली नाही. आप्पा तेव्हा चड्डीत फिरणारं पोर, त्यांच्यासाठी ती पहिल्यापासून वैनीच. एकाच बाईचे आम्ही दोन ठिपके काढले होते, आणि त्यातला आमच्या बाजूचा मी स्वतःच छाटला होता.

फोनवरून आजी म्हणाली, "शेवंते... किती हुडकायचं गं तुला?"

काकूनं फोन हातात घेतला. तिला स्पीकर बंद करता येत नाही, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं. "मला वाटलं, तुमी इसरला मला," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आई आप्पांकडं बघत म्हणाली.

आप्पांनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "वैनी, आता तुमीच सांगा. द्यायची का पोरगी?" घरातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीत त्यांनी काकूला विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"पोरगी द्या की. चांगलं घर हाय," काकू म्हणाली. "पर आधी मला कोगनोळीला सोडा."

गाईडना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, छाटणीचा नियम गणिताच्या दृष्टीनं बरोबर आहे. आहेच बरोबर. फक्त पुढं कुणी नाही, हे त्या ठिपक्याला एकदा विचारून घ्यायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी काकूला कोगनोळीला सोडून आलो. तिच्या मामाच्या घरात आता आजीचा भाचा राहतो, आणि आजीही निपाणीहून येऊन उंबऱ्याशी उभी होती. निघताना विचारलं, न्यायला कधी येऊ? म्हणाली, सांगीन की.

अजून तिचा फोन आलेला नाही. प्रतीक्षाच्या लग्नाची सुपारी फोडणं खोळंबलंय, पण ती पुन्हा पहिल्यासारखी बडबडतेय आणि आप्पाही काही म्हणत नाहीत... माहेरवाशिणीला कधी परत येतेस, असं विचारायचं नसतं.