आमचा क्लब कुठेही जात नाही

छापलेल्या अक्षरावर इतका कमी विश्वास असलेला आणि तरीही ते अक्षर रोज इतक्या मनापासून वाचणारा माणूस आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांखेरीज मी दुसरा पाहिलेला नाही. जपानातल्या ग्योतोकु स्टेशनपासून सात-आठ मिनिटांवर आमची इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, तिसऱ्यावर काका आणि काकू. काका पुण्याहून इथे प्रोग्रॅमर म्हणून आले तेव्हा या भागात मराठी बोलायला काकूंशिवाय कोणी नव्हतं. मग आमच्यासारखे येत गेले, जात गेले; काका निवृत्त झाले तरी इथेच राहिले. सकाळी स्थानिक पेपर दारातल्या खाचेतून आत पडला की ते तांबडी पेन्सिल घेऊन बसत. जपानी बातमीदारांना वाक्याच्या शेवटी 'असल्याचं समजतं', 'असं दिसतं', 'अशी चिन्हं आहेत' लावायची फार सवय. काका अशा प्रत्येक शेपटीखाली रेघ मारत आणि तेवढा भाग रद्द धरून उरलेला पेपर वाचत. "मराठीत हे सगळं काम एकटा 'म्हणे' करतो," ते मला म्हणाले होते, "इथे त्याला दहा वेगवेगळे कपडे शिवलेत." माझी जपानी भाषेची परीक्षा मी त्या तांबड्या रेघांवर पास झाले, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

त्यांचा सर्वांत जास्त राग 'कान्केइशा' या शब्दावर. म्हणजे संबंधित व्यक्ती. 'संबंधित व्यक्तींच्या सांगण्यानुसार' असं कुठे दिसलं की काका चष्मा काढून ठेवत. "हे गृहस्थ कोण? नाव नाही, गाव नाही, आणि सगळ्याशी संबंधित." अविश्वास फक्त पेपरापुरता होता असंही नाही. एकदा आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की हिगाशी-कसाईचं भारतीय किराणा दुकान बंद होतंय. बायका हळहळल्या, माझ्यासकट दोघी-तिघींनी साठा करायच्या याद्याही केल्या. काका मात्र भर दुपारी उठून गेले, दुकानदाराला समोरासमोर विचारलं, आणि संध्याकाळी तूरडाळीची दोन पाकिटं घेऊन परत आले. दुकान रंगवायला म्हणून दोन दिवस बंद राहणार होतं, एवढंच. एका गुरुवारी त्यांनी एक पेपर जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात न बांधता जाळायच्या कचऱ्यात टाकला. गल्लीच्या रहिवासी समितीतल्या आजीबाई तो हातात घेऊन वर आल्या आणि कागद कागदात टाकायचा असतो असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. काका तितकेच नम्रपणे म्हणाले, "याच्यापासून पुन्हा कागद होऊ नये असं मला वाटतं." काकूंनी मागून येऊन पेपर घेतला, माफी मागितली आणि दार लावलं.

त्या पेपरात काकांच्या क्लबबद्दल लिहून आलं होतं. आता हा क्लब म्हणजे काय ते सांगायला हवं. इथे रग्बी म्हटलं की लोकांना पंधरा जणांचा रग्बी कळतो. काकांचा क्लब तेरा जणांच्या रग्बीचा. तो खेळणारे या देशात थोडे, पाहणारे त्याहून थोडे, आणि दोन्हींत गल्लत करणाऱ्याला काका बसवून समजावत. "कबड्डी आठव. पकडलं की थांबायचं, उठायचं, चेंडू पायाने मागे द्यायचा, पुन्हा धावायचं. सहा पकडी होईपर्यंत चेंडू आपला." हे ऐकल्यावर माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं होतं की सातव्या वेळी काय होतं. काका म्हणाले, "सातवी वेळ येत नाही. चेंडू दुसऱ्याला द्यावा लागतो." इथल्या पहिल्याच हिवाळ्यात, एका रविवारी, करमेना म्हणून ते एदोगावा नदीच्या बांधावर फिरत होते. खालच्या मैदानावरून एक लांबट चेंडू उसळत वर आला. यांनी तो उचलून जोरात पुढे फेकला आणि सगळे हसले, कारण त्या खेळात चेंडू हाताने पुढे फेकायचाच नसतो. एक खेळाडू बांध चढून वर आला, वाकून आभार मानून त्याने हे समजावलं आणि खाली येऊन बसा म्हणाला. तो खेळाडू पुढे क्लबचा सेक्रेटरी झाला, काकांचा इथला सर्वांत जुना मित्र झाला. काका खाली जाऊन बसले ते जवळजवळ तीस वर्षं बसले.

नुसते बसले नाहीत. दरवर्षी जानेवारीत नगरपालिकेच्या खिडकीवर जाऊन एप्रिलपासूनच्या नव्या वर्षाच्या रविवारांसाठी मैदानाचा अर्ज भरायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. त्या दिवशी ते टाय लावून जात. सामन्याला मोठ्या थर्मासमधून आल्याचा चहा नेत. तिथे येणारी मंडळी ठरलेली होती: स्टेशनजवळचा न्हावी, मासळीवाले नवरा-बायको, काही निवृत्त शिक्षक, खेळाडूंच्या आया. मी माझ्या लेकीला घेऊन कधीकधी जात असे. ती काकांना 'ओजीइचान', म्हणजे आजोबा, म्हणते आणि त्यांच्या मराठी प्रश्नांना जपानीत उत्तरं देते. काकांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

क्लब हलणार अशी बातमी याआधी दोनदा येऊन गेली होती. एकदा तो उत्तरेला जाणार होता, एकदा दुसऱ्या क्लबात विलीन होणार होता. दोन्ही वेळा काही झालं नाही. दोन्ही वेळा काकांनी संपादकांना सुवाच्य अक्षरात पत्र पाठवलं. त्यातलं एक काकूंनी मला दाखवलं होतं. 'आपल्या संबंधित व्यक्तींना माझा नमस्कार कळवावा आणि रविवारी सकाळी मैदानावर येण्यास सांगावे. मी चहा देईन.' पत्र छापून आलं नाही. तिसरी बातमी, त्या कचऱ्यात टाकलेल्या पेपरातली, मागच्या शरद ऋतूत आली: दूर दक्षिणेच्या क्युशू बेटावरच्या एका छोट्या शहराने क्लबला स्वतःचं मैदान आणि खेळाडूंना तिथल्या कारखान्यात नोकऱ्या देऊ केल्याचं समजतं. तो रविवार मला आठवतो. सगळे थर्मासभोवती जमले होते आणि कोणी चहा घेत नव्हतं. न्हावी म्हणाला, "तुम्ही काय म्हणता?" काकांनी कप भरता भरता सांगितलं, "मैदानाचा अर्ज मी भरतो. मी अर्ज भरतोय तोवर आपला क्लब कुठेही जात नाही." एवढ्याने माणसं सैल झाली. पुढचे दोन-तीन महिने नवीन कोणी काही विचारलं की न्हावी परस्पर सांगायचा, पेपराचं सोडा, अर्ज हे भरतात.

जानेवारीत काका टाय लावून निघाले आणि तासाभरात परत आले. मी जिन्यात भेटले. "झाला अर्ज?" असं मी सहज विचारलं. ते म्हणाले, "सेक्रेटरींचा फोन आला. यंदा राहू दे म्हणाले, मी बघतो." हातात कोरा अर्ज होता. ते दोन जिने चढून वर गेले आणि मी उगीचच त्यांच्या दाराचा आवाज येईपर्यंत तिथे थांबले. त्यानंतरचे दोन रविवार त्यांनी नेहमीसारखा चहा दिला. कोणी काही विचारलं नाही, आणि काकांनी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या रविवारनंतरच्या बुधवारी मी दडपे पोहे द्यायला वर गेले तेव्हा त्यांच्याकडे एक जपानी मुलगी बसलेली होती. पंचविशीची असेल. शरद ऋतूतली ती बातमी तिनेच लिहिली होती. तिच्यासमोर एक फाइल होती आणि तिच्यात काकांची पत्रं. मी परत फिरायला लागले तर काकू म्हणाल्या, "बस गं. मला एकटीला ऐकवत नाहीये."

मुलगी म्हणाली, "नगरपालिकेकडे मैदानाचा अर्ज आलेला दिसत नाही. तुम्ही भरलात का, एवढंच विचारायला आले."

काकांनी फाइल पुढे ओढली आणि आपलीच पत्रं एकेक करून उलटायला लागले. मुलीला वाटलं त्यांना भीती वाटतेय. ती हळूच म्हणाली, "तुमचं नाव येणार नाही. आम्ही संबंधित व्यक्ती असं लिहू."

काकू एकदम स्वयंपाकघरात गेल्या. हसू आवरायला की रडू, मला कळलं नाही. काकांनी फाइल मिटून त्या मुलीकडे सरकवली. "नाव न घालता मी काही बोलणार नाही," ते म्हणाले. "आणि नाव घालून बोलायचं तर आधी मैदानावरच्या लोकांशी बोलायला हवं. तुम्ही सोमवारी या." मुलीने वाकून नमस्कार केला. पोहे मात्र तिने बशी पुसून खाल्ले आणि यात काय काय घातलंय ते विचारून घेतलं.

शनिवारी काका सेक्रेटरींच्या घरी गेले. तिथे काय झालं ते काकूंकडून कळलं. काका म्हणाले, "उद्या तुम्ही सांगत असाल तर मी गप्प बसतो. नाहीतर मला सांगावं लागेल." सेक्रेटरींनी मान वर केली नाही. सह्या झालेल्या नाहीत, तोवर बोलायची मला परवानगी नाही, एवढंच ते म्हणाले. मग दोघं मित्र तासभर समोरासमोर बसून राहिले, आणि निघताना सेक्रेटरींनी काकांना बस-स्टॉपपर्यंत सोडलं.

रविवारी सामना संपल्यावर काका थर्मासजवळ उभे राहिले. टाय लावला होता. त्यांचं जपानी स्वच्छ आहे, पण त्या दिवशी ते एकेक शब्द ठेवल्यासारखे बोलले. "मैदानाचा अर्ज भरलेला नाही. मी तुम्हाला शब्द दिला होता, तो चुकला. पेपरात आलं होतं ते खरं दिसतं. मला माफ करा." आणि ते कमरेत वाकले. मासळीवाल्या बाईने तोंडाला रुमाल लावला. लांब उभे असलेले सेक्रेटरीही वाकले, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. न्हावी पुढे आला. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दोन आठवड्यांपासून."

"दोन रविवार तुम्ही आम्हाला चहा पाजलात," न्हावी म्हणाला, कप थर्मासशेजारी ठेवला आणि सायकल घेऊन निघून गेला.

बातमी मंगळवारी आली. काकांचं नाव होतं, त्यात एक अक्षर चुकलेलं. काकांनी दुरुस्तीचं पत्र पाठवलं नाही. नंतर क्लबने स्वतःच जाहीर केलं, आणि मार्चअखेर शेवटचा सामना होऊन खेळाडू प्रेक्षकांसमोर ओळीने वाकून गेले. सेक्रेटरी क्लबबरोबर क्युशूला गेले. काकांनी पेपर बंद केला. "घर फार शांत झालंय," काकू मला म्हणाल्या, "मला नाही आवडत. निदान कोणावर तरी चिडायचे." आणखी एक गोष्ट झाली. वीस वर्षं काका त्या एकाच न्हाव्याकडे केस कापून घेत. आता तिकडे जायची त्यांना हिंमत होईना आणि दुसरीकडे जाणं त्यांना पटेना. मे महिन्यापर्यंत केस कॉलरवर आले. ऑफिसात असते तर एव्हाना विचारणा झाली असती, असं माझा नवरा म्हणाला. काकूंनी स्वतः कात्री घेतली तेव्हा काका गॅलरीत जाऊन उभे राहिले.

शेवटी न्हाव्याच्यानेच ते बघवलं नसावं. एका संध्याकाळी काका दुकानावरून मान खाली घालून जात असताना तो बाहेर आला आणि नुसतं "बसा" म्हणाला. काका बसले. केस कापून झाले. मग न्हाव्याने फोन काढून क्युशूतल्या सामन्याचा निकाल त्यांच्यापुढे धरला. आपले हरले होते. दोघांनी मिळून त्याबद्दल पंचांना बरंच काही सुनावलं, असं काका फार समाधानाने सांगत होते.

ते मला त्यांनी बांधावर सांगितलं. जूनमधली रविवारची सकाळ होती. माझी लेक खाली गवतात काहीतरी शोधत होती. मैदानावर आता रेघा नव्हत्या. दोन म्हातारे गृहस्थ तिथे गोल्फच्या काठीने चेंडू ढकलत होते. काकांचे केस फारच बारीक कापले गेले होते आणि त्यामुळे ते एकदम लहान वाटत होते.

"त्या मुलीने चांगलं लिहिलं होतं," ते अचानक म्हणाले.

"नाव चुकवलं की तिने."

"ते नाही. पहिलं. शरदातलं." ते खाली बघत राहिले. "इतकी वर्षं वाचतोय. खरं लिहिलेलं मला कळत नाही असं वाटतं का तुला? वाचतानाच कळलं होतं."

मी त्यांच्याकडे वळले. मग विचारलं, "मग सगळ्यांना तसं का सांगितलंत? क्लब कुठेही जात नाही म्हणून?"

"चूकच झाली. न्हावी चिडला ते बरोबरच होतं." मग ते म्हणाले, "पण तेवढे रविवार मिळाले ना."

खालून माझ्या लेकीने हाक मारली. तिला गवतात काहीतरी सापडलं होतं. काका गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि सावकाश बांध उतरायला लागले.