बेटावरचा पत्ता

सातासमुद्रापलीकडच्या बेटावर वादळ आलं म्हणून आदिलाबादेत बसून जेवण टाकणारा माणूस जगात एकच, आणि तो माझ्या मावशीच्या वाट्याला आला. मावसाजींचं पंपाच्या सामानाचं दुकान. जीव मात्र 'चावडी'त. पोटापाण्यासाठी हैदराबाद-पुण्याला पांगलेली बेला-जैनथकडची माणसं जिथं गप्पा हाणतात, आयांनी म्हटलेली लग्नाची गाणी साठवतात, ते संकेतस्थळ मावसाजींनीच उभारलं. पत्त्याच्या शेपटीला मात्र त्यांनी '.com'ऐवजी एका परक्या बेटाची दोन अक्षरं लावली. का, तर पत्ता आखूड झाला की ऑटोच्या पाठीवर ठसठशीत रंगवता येतो! तेव्हापासून ते रोज बेटाचं हवामान बघत. तिथं नवं सरकार आलं तेव्हा त्यांनी अभिनंदनाची मेलसुद्धा धाडली. मावशी करवादायची, "तिथं ना आपलं गाव, ना शीव, अन् घराची पाटी तिथं काऊन लावली तुमी?"

नव्या सरकारनं अभिनंदनाची परतफेड केली ती नियम काढून: बेटावर न राहणाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत बेटाच्या शेपटीचे पत्ते सोडावेत. मावसाजींचा चेहरा पडला. "गाणे माह्या कॉम्प्युटरात हायेत रे, पन मानसं? सणावाराले येनारे बंद दार पाहून परत जातील," ते मला म्हणाले. खरंच, एकदा पांगलेली माणसं पुन्हा कुठून गोळा करायची?

मग या गृहस्थानं भारताच्या शेपटीचा नवा पत्ता घेतला आणि बेल्याच्या आठवडी बाजारात चक्क दवंडी पिटवली. हलगीवाला ओरडत होता, "ऐका हो! चावडीचा पत्ता बदलला! आपापल्या पोराइले आत्ताच फोन लावा!" आणि वांगी निवडता निवडता बाया खरोखर फोन लावू लागल्या. "आरे, कागद काढ! नवा पत्ता लिहून घे!" कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला, एक म्हातारी तर थेट दुबईला ओरडत होती. संध्याकाळपर्यंत नव्या चावडीत अशी झुंबड उडाली की ती दोनदा बंद पडली. मावसाजी दुकानात उभे राहून आलेल्यांची नावं मोठ्यानं वाचत होते आणि मावशी साऱ्या गल्लीला पेढे वाटत होती. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

गर्दी ओसरल्यावर मावसाजी न आलेल्यांची नावं शोधू लागले.

"ज्याइची माय आता नाही," ते म्हणाले, "त्याइले कोन फोन लावन?"

दुसऱ्या दिवसापासून मावसाजी स्वतःच त्यांना फोन लावू लागले.